गोदाआत्याचे दोन हात

आधी एक काम करा. पुस्तक मांडीवर ठेवा आणि आपला उजवा तळहात नीट बघा. त्याच्यावर एक तरी केस दिसतो का? मनगटावर दिसेल, हाताच्या पाठीवर दिसेल, बोटांच्या पेरांवरही एखाददुसरा सापडेल. तळहातावर मात्र नाही. तळपायावरही नाही. असं का, याचं उत्तर आपल्याला पुढे लागणार आहे आणि तेव्हा फार घाई असणार आहे. म्हणून आत्ताच पाहून ठेवा.

आता कल्पना करा आणि माझ्याबरोबर थोडं पुढे चला. सन २०४९. तुम्ही तेव्हा मोठे झालेले असाल, कुणाकुणाला पोरंबाळंही झालेली असतील. मे महिन्यातला शनिवार, सकाळचे साडेअकरा. गाव विदर्भातलं कोरपेठ. सावलीतला पारा सत्तेचाळीसवर चढलेला. दहा वाजताच नगरपालिकेचा भोंगा वाजून गेलाय. त्याला तिथे सगळे 'उन्हाचा भोंगा' म्हणतात. तो वाजला की संध्याकाळी पाचपर्यंत बाहेरची आणि भट्टीवरची सगळी कामं बंद. रस्त्यावर चिटपाखरू नाही. आणि अशा वेळी भट्टीपुरा नावाच्या गल्लीत एका भट्टीचा जाळ अजून चालू आहे.

भट्टीपुऱ्यात मुरमुरे होतात. मोठ्या लोखंडी कढईत वाळू तापवायची, तिच्यात उकडून वाळवलेला तांदूळ टाकायचा, झाऱ्यानं भराभर हलवायचा. दाणा तडतडून फुलला की चाळणीवर घ्यायचा. वाळू खाली, मुरमुरे वर. एका खेपेला म्हणायचं एक घाणा. इथल्या बाया दिवसाला शंभर घाणे काढत. आणि दर रविवारी संध्याकाळी सगळा भट्टीपुरा ओट्यावर बसून मेंदी लावत असे. नक्षीबिक्षी काही नाही. अख्खा तळहात आणि अख्खा तळपाय थापून काढायचा. बाया, पुरुष, पोरं, सगळ्यांनी. मेंदीनं जाळ कमी लागतो अशी तिथली समजूत. आठवड्यावर आठवडे चढून तिथले तळहात तांबूस राहिलेलेच नव्हते, काळसर झाले होते.

जाळ चालू होता तो गोदाआत्याच्या भट्टीचा. आणि तिच्याशी भांडत उभी होती तिची भाची, अकरा वर्षांची चैताली भुजाडे.

"तू मले चिखलदऱ्याले पाठवूनच राहिली का?"

"पाठवून राहिली नाई. पाठवलं समज. वसतिगृहाचा फॉर्म भरला मी."

"मले नाई जायचं."

"तुले कोण विचारून राहिलं?" आत्यानं झारा फिरवत म्हटलं. "तुझे आईबाप अमरावतीहून पोती विकून आले की सांगते त्यायले. थंड हवेत राहशील, शिकशील. इथं राहून काय करशील? सुक्या हाताची पोर तू."

 हा शब्द चैतालीला शाळेत रोज ऐकू यायचा. घरात आज पहिल्यांदा ऐकला.

हे सुके हात काय प्रकरण आहे, ते तुम्हाला सांगितलं पाहिजे.

आपलं शरीर ही एक सतत पेटलेली चूल आहे. झोपलात तरी ती पेटलेली असते. आतली उष्णता सदतीस अंशांच्या आसपास ठेवायची तर जास्तीची बाहेर टाकावी लागते. त्यासाठी घाम आहे. पण बाहेरची हवा शरीरापेक्षा तापली, काम थांबलं नाही, घामही पुरेना, तर उष्णता आत साठत जाते. आतलं तापमान चाळिसाच्या पुढे गेलं की शरीरातली प्रथिनं आपला आकार सोडू लागतात. पहिला दणका मेंदूला बसतो. माणूस बरळतो, झोकांड्या खातो, बेशुद्ध पडतो. मग मूत्रपिंड, यकृत, हृदय. याला उष्माघात म्हणतात. अशा माणसाला अतिदक्षता विभागात नेतात आणि तिथे सगळी लढाई घड्याळाशी असते. पहिल्या अर्ध्या तासात अंग थंड झालं तर बहुतेक माणसं चालत घरी जातात. पुढचं प्रत्येक मिनिट महाग पडतं.

धडधाकट जवानाला किंवा धावपटूला सरळ बर्फाच्या पाण्यात बुडवता येतं. पण बेशुद्ध, वयस्कर, हृदय दमलेल्या, नळ्या लावलेल्या माणसाला टबात कसं बुडवणार? इथे तो बिनकेसांचा तळहात कामाला येतो. आपल्या सगळ्या अंगभर रक्त बारीक बारीक केशवाहिन्यांतून हळूहळू झिरपत जातं. तळहात, तळपाय, कान, नाक अशा थोड्या जागी मात्र धमनीतून शिरेत थेट जाणारे आडमार्ग आहेत, आणि त्यांना दारं आहेत. दारं उघडली की गरम रक्त कातडीखाली लोंढ्यानं येतं आणि उष्णता टाकून परत जातं. मोटारीच्या पुढे रेडिएटर असतो ना, तसे हे आपले रेडिएटर; आणि उष्णता अडू नये म्हणून तळहाता-तळपायावर केसांचं पांघरूण नाही. गंमत अशी, की तळहातावर बर्फ ठेवला तर घाबरून दारं बंद होतात! पाणी माठातल्यासारखं गार हवं, बर्फासारखं नको.

हे ओळखून केलेल्या यंत्राचं नाव होतं 'शीतहस्त'. दोन जाड हातमोजे. आत गार पाणी फिरतं आणि हलकेच हवा ओढून घेतली जाते, म्हणजे रक्त तळहाताकडे खेचलं जातं आणि दारं उघडी राहतात. थंड झालेलं रक्त परत हृदयाकडे जातं, तिथून मेंदूकडे. कोरपेठच्या उष्माघात रुग्णालयात ते आलं आणि लोक मरायचे थांबले. वीटभट्टीवरचे, शेतातले, बाजारातले, सगळे वाचू लागले.

फक्त भट्टीपुऱ्यातले सोडून.

हवा ओढायच्या आधी यंत्र तळहातावर हिरवा उजेड टाकून बघत असे, की आत रक्त खेळतंय ना. रक्त नसलेल्या हातावर ओढ दिली तर हात निकामी व्हायचा. म्हणून रक्त असेल तर हिरवा दिवा, नसेल तर लाल दिवा, आणि लाल असताना यंत्र सुरूच होत नसे. भट्टीपुऱ्यातल्या माणसांना दर वेळी लाल. दोन वर्षांत चार माणसं दगावली. रुग्णालयाच्या डॉक्टर फरीदा काझी हुशार आणि कष्टाळू होत्या. त्यांनी सगळ्या गल्लीचे हात तपासले, पोरांचेसुद्धा. सगळे लाल. पिढ्यान्‌पिढ्या जाळाजवळ राहून यांच्या तळहातांतले रक्तमार्गच आटले असावेत, असा त्यांनी निबंध लिहिला. आजाराला नाव दिलं शुष्कहस्त.

गावानं त्याचं केलं 'सुके हात'. भट्टीपुऱ्यातल्या मुलींची ठरलेली लग्नं मोडली. मैदानावर पोरांना कोणी खेळात घेईना. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, ऊन लागलं तरी भट्टीपुऱ्यातली माणसं रुग्णालयात जाईनाशी झाली. तिथे लालच लागणार, मग घरीच पडलेलं काय वाईट? गोदाआत्यानं तर भट्टीच बंद करायचं ठरवलं होतं. आजचे घाणे शेवटचे.

"चाळणी कुठी आहे?" आत्यानं विचारलं.

चाळणी तिच्या हातात होती.

चैतालीला वाटलं, आत्या आपल्याला हसवायला बघतेय. ती फुरंगटून म्हणाली, "माह्या डोक्यावर आहे."

"सुमन, विहिरीकडे जाऊ नको गं," आत्या म्हणाली. सुमन ही तिची लहान बहीण. ती जाऊन तीस वर्षं झाली होती. मग आत्या चाळणीला शिव्या देऊ लागली, उभ्या उभ्या डोलली आणि पोत्यांवर आडवी झाली.

चैतालीनं तिचा गाल धरला. कढईला हात लागावा तसा चटका बसला. घामाचा थेंब नाही.

शाळेत दर एप्रिलमध्ये हे शिकवत. आधी सावली, मग अंगावर पाणी, मग वारा; बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालायचं नाही. चैतालीनं आधी जाळ बंद केला. आत्याला पोत्यासकट ओढत ओसरीवर आणलं. तांदूळ भिजवलेलं हंडाभर पाणी तिच्या अंगावर ओतलं, पंखा तिच्याकडे वळवला आणि एकशे आठला फोन लावला.

आत्याचे ओठ हलले. "दवाखान्यात नको... लालच लागते तिथं. तुले माह्यी शपथ."

"तुह्यी शपथ गेली खड्ड्यात," चैताली म्हणाली आणि रडत रडत दुसरा हंडा ओतला.

रुग्णवाहिका नवव्या मिनिटाला आली. आतलं तापमान निघालं बेचाळीस पूर्णांक एक.

अतिदक्षता विभागाच्या दाराशी सिस्टर सिडाम उभ्या होत्या. उंच बाई, आवाजात जरब, पण डोळ्यांत नाही.

"सोबत कोण?"

"मी."

"मोठं कोणी?"

"मीच."

सिस्टरनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. तिथे नियम होता, की पहिला अर्धा तास रुग्णाच्या उशाशी घरचं एक माणूस उभं करायचं. बरळणारा माणूस ओळखीच्या आवाजानं शांत राहतो. मुलांसाठी तो नियम नव्हता. पण मुलांना मनाई आहे असंही कुठे लिहिलेलं नव्हतं.

"टोपी घाल. चपला काढ. डोक्याशी उभी राहा आणि बोलत राहा. रडायचं असेल तर रड, पण बोलणं थांबवू नको."

"काय बोलू?"

"भांड. भांडणातला आवाज लवकर ओळखू येते."

ओली चादर, पंखे, बगलेत गार पिशव्या, शिरेतून सलाइन, सगळं भराभर झालं. पडद्यावरचा आकडा एकेचाळीस पूर्णांक नऊवर येऊन अडला. डॉक्टर काझी धावत आल्या. सिस्टरनी आत्याच्या दोन्ही हातांवर शीतहस्त चढवले.

उजव्या हाताला लाल दिवा. डाव्या हाताला हिरवा. क्षणभरानं यंत्रानं दोन्ही दिवे लाल केले आणि पडद्यावर ओळ उमटली: 'मापनात विसंगती. रक्तप्रवाह नाही असे धरले आहे.'

"भट्टीपुरा का?" डॉक्टरनी विचारलं.

"हाव," सिस्टर म्हणाल्या.

"मग शुष्कहस्त. वेळ घालवू नका. मांडीच्या शिरेतून थंड करायची नळी घालूया, सामान मागवा."

"त्याले चाळीस मिनिटं लागतील, मॅडम."

"माहीत आहे मला," डॉक्टर हळू म्हणाल्या. घड्याळात आत्याला ऊन लागून चोवीस मिनिटं झाली होती.

चैताली उशाशी भांडत होती. "आत्या, मी चिखलदऱ्याले जाणार नाई, ऐकू येते का? ऊठ आणि मार मले." पण तिची नजर हातमोज्यांवर होती. ती थांबली.

"सिस्टर, डाव्याले हिरवा लागला होता."

"मोजा बिघडला असन, बेटा. यंत्रच सांगून राहिलं ना, विसंगती म्हणून."

"मग मोजे बदलून पाहा ना. याचा त्याले, त्याचा याले. मोजा बिघडला असन तर हिरवा दिवा मोज्यासोबत जाईन. नाईतर हाताजवळच राहीन."

सिस्टर सिडाम एक क्षण थबकल्या. मग त्यांनी खटाखट पट्टे सोडले. नळीचं सामान यायला वेळ होताच. वीस सेकंदांत मोजे अदलाबदल झाले.

डावा हात हिरवा. उजवा लाल. मग पुन्हा दोन्ही लाल.

"मोजा चांगला आहे मॅडम," सिस्टर म्हणाल्या. "हातातच फरक आहे."

डॉक्टर काझी वळल्या. "असं होणार नाही. हा आजार जन्मापासूनचा आहे. एकाच माणसाचा एक हात सुका आणि एक..." त्या बोलता बोलता थांबल्या. "डाव्या हाताला काय झालं होतं?"

"मोडला होता. सहा आठवडे प्लास्टरमंधी होता," चैताली म्हणाली. "कालच काढलं."

"प्लास्टरमुळे रक्तप्रवाह सुधारत नाही. उलट..."

"मोजा काढा ना एकदा," चैताली म्हणाली.  "दोन्ही हात पाहू द्या मले."

दोन तळहात चादरीवर शेजारी शेजारी आले. डावा पांढराफटक, सुरकुतलेला, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा. उजवा काळसर.

मुलांनो, इथे जरा थांबा. मला ठाऊक आहे, तुमच्यातल्या काहींनी केव्हाच ओळखलंय. पण तिथे उभ्या असलेल्या कुणाला ते दिसलं नव्हतं आणि त्याचं कारणही समजून घ्या. भट्टीपुऱ्यातल्या माणसाला मेंदी लावलेला हात म्हणजे साधा हात वाटायचा. बिनमेंदीचा हात तिथे कोणी पाहिलाच नव्हता. आणि डॉक्टरना मेंदी दिसायची, पण ती त्यांना दागिन्यासारखी वाटायची, औषधाशी संबंध नसलेली.

"प्लास्टर होतं तर सहा रविवार मेंदी नाई लागली याले," चैताली म्हणाली.

डॉक्टर काझींनी मोज्यातला हिरवा उजेड टाकणारा इवलासा दिवा बाहेर काढला आणि चैतालीचा हात ओढून त्याच्यावर धरला. हिरव्या उजेडात तिचं मनगट हिरवं दिसत होतं. तळहात मात्र कोळशासारखा काळा पडला. उजेड आत जातच नव्हता. तांबडा रंग हिरवा उजेड गिळून टाकतो, हे डॉक्टर शाळेत शिकल्या होत्या. तुम्हीही शिकाल. मेंदीच्या थरावर थर चढले होते, उजेड वरच्या वर विरत होता, आणि यंत्र समजत होतं की खाली रक्तच नाही.

"कान!" सिस्टर सिडाम म्हणाल्या. "कानाले तर मेंदी नाई ना लागली!"

हिरवा दिवा आत्याच्या कानाच्या पाळीवर टेकला. पडद्यावर एक रेघ उसळली. पुन्हा उसळली. टप, टप, टप. रक्त धावत होतं.

आता सगळं डॉक्टर काझींवर येऊन ठेपलं. यंत्राचा लाल दिवा डावलून ते सुरू करता येत होतं, पण ती कळ डॉक्टरच्याच बोटाच्या ठशानं उघडायची. एकट्या डाव्या हातानं वेळेत भागणार नव्हतं. कान वाहतोय म्हणून उजवा हातही वाहतोय, हा अंदाज होता, चांगला अंदाज, पण अंदाजच. चुकला तर आत्याचा हात जायचा. आणि बरोबर निघाला तर? तर दोन वर्षांचा निबंध, सभांमधल्या टाळ्या, आजाराला दिलेलं नाव, सगळं खोटं ठरणार होतं. त्याहून जड असं एक होतं: ती चार माणसं.

त्या फक्त एकदा चैतालीकडे वळल्या. "पोरी, माझं चुकलं असेल तर बरंच होईल," त्या म्हणाल्या आणि कळीवर बोट दाबलं.

मोज्यांतून पाण्याची खळखळ सुरू झाली.

एकेचाळीस पूर्णांक नऊ. एकेचाळीस पूर्णांक नऊ. चैतालीनं श्वास रोखला.

एकेचाळीस पूर्णांक सात.

"भांड ना!" सिस्टर ओरडल्या. "थांबलीस काऊन?"

"आत्या, तू खोटारडी आहेस! माहे हात सुके नाईत! तुहेही नाईत! मेंदी आहे ती, मेंदी! ऐकू येते का?"

एकेचाळीस पूर्णांक दोन. चाळीस पूर्णांक सहा. चाळीस. शेजारच्या पलंगाची सिस्टर आपलं काम सोडून येऊन उभी राहिली. झाडूवाले शामराव दारात थांबले. एकोणचाळीस पूर्णांक चार. बाविसाव्या मिनिटाला अडतीस पूर्णांक नऊवर डॉक्टरनी यंत्र थांबवलं, कारण त्याखाली ओढलं तर अंग नको इतकं थंड होतं. मोजे निघाले. उजव्या हाताची बोटं दाबून बघितली. ऊबदार, मऊ, शाबूत.

सिस्टर सिडाम खुर्चीवर बसल्या आणि टोपी तोंडावर ओढून घेतली. त्या रडत होत्या की हसत होत्या, ते चैतालीला कळलं नाही.

आत्या दुसऱ्या दिवशी सकाळी शुद्धीवर आली. डोळे उघडून तिनं आधी छताकडे पाहिलं, मग चैतालीकडे.

"घाणा जळला का गं?"

"जाळ बंद केला होता मी."

"अन् दवाखान्यात आणू नको म्हटलं होतं ना तुले?"

"तेव्हा तू चाळणीले शिव्या देऊन राहिली होती. तुह्यं कोण ऐकते?"

आत्याला हसू आलं आणि हसता हसता खोकला आला. अमरावतीहून रातोरात आलेले आईबाबा दारात उभे होते, तेही हसू लागले.

तीन दिवसांनी, उन्हाचा भोंगा वाजायच्या आधी, डॉक्टर फरीदा काझी एकट्या भट्टीपुऱ्यात आल्या. ओट्यावर सगळी गल्ली जमली होती. त्या उभ्याच राहिल्या.

"शुष्कहस्त नावाचा कुठलाही आजार नाही," त्या म्हणाल्या. "तुमचे हात माझ्या हातांसारखेच आहेत. मी चुकले. यंत्र काय म्हणतं ते मी पाहिलं, तुमचे हात पाहिले नाहीत. तुमची चार माणसं गेली. ती कदाचित वाचली असती. माझा निबंध मी मागे घेतलाय आणि का घेतला, तेही लिहून कळवलंय."

 मग रुखमाबाई उठल्या. त्या चारांत त्यांचे यजमान होते.

"लाल दिवा लागला की आमी घरी येऊन आणखी मेंदी थापत होतो, डॉक्टरीणबाई," त्या म्हणाल्या. "हात कमजोर आहेत म्हणून. तपासणीच्या आदल्या दिवशी तर दोन दोन थर." त्यांनी आपले काळसर तळहात उघडून पाहिले. "माणूस तर काही येणार नाई आता. पण तुमच्या त्या कागदापायी माह्या पोरीचं लग्न मोडलं. त्यायले कोण सांगन?"

"मी सांगेन. तुम्ही म्हणाल त्या दिवशी मी स्वतः त्यांच्या घरी येते."

"मग उद्याच चाला," रुखमाबाई म्हणाल्या. आणि थोडं थांबून, "पयले चहा प्या. उभ्या काऊन राहिल्या?"

डॉक्टर बसल्या. त्या गल्लीत दोन वर्षांनी बाहेरचं कोणी चहा प्यायला बसलं होतं.

गोदाआत्याची भट्टी बंद झाली नाही. घाणे आता पहाटे चार ते आठ निघतात, एक मिनिटही पुढे नाही. त्याचा पहारा चैतालीकडे आहे. वसतिगृहाचा फॉर्म आत्यानं तिच्या हातात दिला. "तुले जायचं असन तर जाय. मी पाठवून नाई राहिली." चैतालीनं तो नीट घडी करून परत दिला आणि सांगितलं, की कॉलेजच्या वेळी बघू.

आठवड्यानं शीतहस्त बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी रुग्णालयातल्या पडद्यावरून संपर्क साधला. त्यांना चैतालीला भेटायचं होतं. त्यांनी तिचं खूप कौतुक केलं. यंत्रात आता हिरव्याबरोबर डोळ्यांना न दिसणारा अवरक्त उजेडही घालू, तो मेंदीतून आरपार जातो, असं सांगितलं; आणि तोवर सगळीकडे मापन कानावर घ्यायचं, अशी सूचना गेल्याचंही सांगितलं. शेवटी म्हणाले, "तुला काही विचारायचंय?"

"यंत्र बनवताना किती हात पाहिले तुमी?"

"सहा हजार."

"त्यात मेंदीचे किती होते?"

एका अभियंत्यानं यादी चाळली. "एकही नाही. आम्ही मुद्दाम स्वच्छ हातच घेतले होते."

"मेंदीचा हात घाण असते का?"

 सिस्टर सिडामनी तोंड फिरवून हसू गिळलं. मग अभियंत्यांतल्या सगळ्यात वयस्कर बाई पुढे सरकल्या आणि म्हणाल्या, "नाही, बाळ. तो कामाचा हात असतो. आम्ही कामाचे हात पाहिलेच नाहीत. असे आणखी कुठले हात आमच्याकडून राहिले असतील, ते आम्हाला माहीत नाही."

चैताली घरी आली. तिनं वहीचं एक कोरं पान काढलं आणि गावातल्या लोकांचे हात आठवायला लागली. गॅरेजवाल्या मकसूदभाईंचे, तेलानं काळे. रंगरेजांचे, निळे. विड्या वळणाऱ्यांचे, तपकिरी. गवंड्यांचे, सिमेंटनं राठ झालेले. संध्याकाळपर्यंत सतरा तऱ्हेचे हात झाले. तिनं ते पान डॉक्टर काझींना दाखवलं. डॉक्टरनी ते दोनदा वाचलं, मग टेबलाच्या खणातून हिरव्या दिव्याचं एक सुटं मापक काढून तिच्या हातावर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता, ऊन चढायच्या आत, चैताली वही आणि मापक घेऊन हळदीच्या गिरणीत शिरली. आत दहाबारा बाया कोपरापर्यंत पिवळ्या होऊन पोती भरत होत्या.

"काऊन गं, सकाळी सकाळी कुठी हिंडून राहिली?" त्यांच्यातली एक म्हणाली.

चैतालीनं वही उघडली, पेन्सिलीला टोक आहे का ते पाहिलं आणि दिवा लावला.

"काकू," ती म्हणाली, "हात पुढे करा."